मर्व्ह पॅस्कोंच्या सात कुया

माझ्या रेकॉर्डिंगच्या शेडमध्ये त्या फेब्रुवारीत सुरुवातीला पुढील वस्तू होत्या: एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड एक (पैकी एकोणसाठ वाजत), मायक्रोफोन दोन, लॅपटॉप एक, घडीची खुर्ची एक, घरमालकिणीचं गवत कापायचं यंत्र एक (ते हलवायचं नाही या अटीवरच शेड भाड्याने मिळाली होती), अंड्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे ट्रे बारा, खिडकी एक. खिडकीपासून साडेनऊ मीटरवर, कुंपणापलीकडे, शेजारच्या मर्व्ह पॅस्को यांचा कपडे वाळत घालायचा फिरता खांब एक.

खांब होबार्टमधल्या कुठल्याही अंगणात असतो तसाच. मधे लोखंडी दांडा, वर चार हात, हातांना ताणलेल्या तारा. वारा आला की सगळं वाळवण गरगर फिरतं. मर्व्ह यांचा खांब फिरताना 'कुईंऽऽ' असा आवाज करी. हा आवाज पुढे वारंवार येणार असल्यामुळे त्याला मी 'कुई' म्हणेन. अनेकवचन कुया.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. आठवड्यातले तीन दिवस प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मोजते आणि उरलेले चार दिवस टीव्ही-सिनेमासाठी संगीत रचते. निदान असं मी लोकांना सांगत असे. तोवर माझी एकूण कारकीर्द अशी होती: गाद्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी नऊ सेकंदांचं संगीत, आणि एका लघुपटासाठी सहा मिनिटांचं. त्यातलं लघुपटाचं संगीत दिग्दर्शकाने शेवटी 'शांतताच जास्त बोलते' असं म्हणून काढून टाकलं. म्हणजे खरं तर गादीच.

अशा अवस्थेत फेब्रुवारीच्या सुरुवातीला फिन्टन रूर्कचा फोन आला. फिन्टन माहितीपट करतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या दीपस्तंभांवर तो सहा भागांची मालिका करत होता.

"शीर्षकसंगीत हवंय. एक्केचाळीस सेकंद. दोन मार्चला, सोमवारी, चॅनलवाले पहिला भाग बघणार. त्यांना पटलं तर सहाही भाग तुझे."

"आणि नाही पटलं तर?"

"मग गाद्या आहेतच की."

गाद्यांची गोष्ट त्याला कुणी सांगितली, कळलं नाही. त्याच सोमवारपर्यंत आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनीही माझं उत्तर मागितलं होतं: पूर्णवेळ नोकरी हवी की नको. दोन मार्चला मी एक तर संगीतकार होणार होते, नाही तर कायमची क्लोरीन.

दोन दिवसांत धून तयार केली. ती चेलोसाठी होती, पण माझ्याकडे चेलो नव्हता. म्हणून कीबोर्डवर सूर धरला आणि चेलोचा भाग तोंड मिटून नाकातून गुणगुणला. आमच्याकडे फेब्रुवारीत उन्हाळा; उकाडा फार, म्हणून खिडकी उघडी ठेवली होती. हा कच्चा नमुना फिन्टनला पाठवला.

"झकास," तो म्हणाला. "तोवर यावरच चित्रं जोडायला घेतो. महिनाअखेरीला नीट रेकॉर्ड करून दे."

इथे या धंद्याची एक रीत सांगायला हवी. खरं संगीत येईपर्यंत संकलक चित्रांखाली तात्पुरतं काहीतरी घालून ठेवतो. दिग्दर्शक ते दोन-तीनशे वेळा ऐकतो. मग खरं संगीत येतं तेव्हा त्याला ते सासरी आल्यासारखं परकं वाटतं; त्याचा जीव त्या तात्पुरत्यावर जडलेला असतो. धंद्यातले सगळे याला घाबरतात. मी याबद्दल तीन लेख वाचले होते. तिन्ही दुसऱ्या लोकांबद्दल होते.

नमुना पाठवल्यावर मी तो पुन्हा ऐकला. माझ्या भरदार गुणगुणण्यामागे स्पष्ट ऐकू येत होतं: कुईंऽऽ. थोड्या वेळाने पुन्हा कुईंऽऽ. मोजल्या. सात होत्या. पहिल्याच मोठ्या कामात मी शेजाऱ्यांचं वाळवण पाठवलं होतं. फिन्टनने केवळ सभ्यपणामुळे त्याचा उल्लेख टाळला असणार, असं मी धरून चालले.

समोरच्या घरातल्या मिसेस व्रेटोस यांचा यावर ठाम उपाय होता. ते बारा ट्रे त्यांचेच.

"भिंतींना लाव. माझ्या भाच्याने लावलेत. तो ड्रम वाजवतो."

"मिसेस व्रेटोस, या ट्रेंनी बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. त्याला वजनदार भिंत लागते. पुठ्ठ्याला वस्तुमानच नाही."

"वस्तुमान नाही म्हणतेस?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी चोवीस ट्रे आणून दिले. वस्तुमान वाढावं म्हणून. बातमी गल्लीत पसरली आणि दारात ट्रे येऊन पडू लागले. कुणी दिले कळत नसे. एक दिवस त्यांत सहा अंडीही होती. ती मी खाल्ली. आठवडाभरात एकूण ट्रे सत्याऐंशी झाले, आणि कुई होती तशीच आत येत राहिली.

कुणी विचारेल, सरळ मर्व्ह यांनाच का नाही सांगितलं? कारण मर्व्ह हे जस्ताच्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. त्यांना 'तुमचं यंत्र वाजतं' असं तोंडावर सांगायचं? शिवाय आमच्या गल्लीत शेजाऱ्याशी कुंपणावरून हसून हवामानावर बोलायचं असतं, आणि जे खरोखर बोलायचं असतं ते कौन्सिलला, म्हणजे आमच्या नगरपालिकेला, कळवायचं असतं. मी गल्लीच्या रीतीप्रमाणे वागले. शेजाऱ्याला नाव कळणार नाही अशा बेताने ध्वनिप्रदूषणाची तक्रार केली.

कौन्सिलने उत्तरादाखल एक तक्ता पाठवला. चौदा दिवस आवाजाची नोंदवही ठेवायची. रकाने पाच: वेळ, कालावधी, आवाजाचा प्रकार, तुमच्यावर झालेला परिणाम, आणि त्या वेळी तुमची खिडकी उघडी होती की बंद. मला हे फारच ढोबळ वाटलं. मी चार रकाने वाढवले: वारंवारता, तीव्रता, वारा आणि भार. भार म्हणजे खांबावर त्या वेळी काय वाळत होतं ते. एक नमुना देते:

"८ फेब्रुवारी, दुपारी २.१०. कुया चौदा. वारंवारता ११७१ हर्ट्झ. तीव्रता ४३ डेसिबल. वारा आग्नेय, ताशी १९ किलोमीटर. भार: मोठे टॉवेल चार, पलंगपोस दोन, कामाचा डगला एक (पूर्वेच्या हातावर), निळ्या चड्ड्या तीन. परिणाम: दुःख. खिडकी: बंद."

खिडकी चौदाही दिवस बंद होती. एका दिवशी शेडमध्ये अडतीस अंश होते. तत्त्वाचा प्रश्न होता.

नोंदवहीसोबत आवाजाचं मूळ रेकॉर्डिंगही जोडायचं होतं. फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'रेकॉर्डिंगमध्ये शेजाऱ्याचा आवाज येत असल्यास त्याच्या खासगीपणासाठी प्रत स्वतःजवळ ठेवू नये.' मर्व्ह कपडे वाळत घालताना शीळ घालत. मी प्रत ठेवली नाही. असं वाक्य वाचून खरंच प्रत न ठेवणारी माणसं जगात किती असतील, मला माहीत नाही. एक तरी आहे.

आमच्या कौन्सिलला रस्त्यातला खड्डा बुजवायला अकरा आठवडे लागतात. माझ्या तक्रारीला दोन दिवस लागले. तिथल्या आरोग्य अधिकारी नेरिडा मला पुढे म्हणाल्या की नऊ वर्षांत इतकी सुंदर नोंदवही त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवली.

तिसऱ्या दिवशी मर्व्ह कुंपणाशी आले. हातात कागद होता.

"प्रोफेसर, जरा इकडे ये. तू शिकलेली. हे वाच."

मी वाचलं. नोटीस होती. खांबाचा आवाज शेजारच्या वास्तूत ऐकू येता कामा नये, अठ्ठावीस दिवस पाहणी होईल.

"कुणीतरी तक्रार केलीय," मर्व्ह म्हणाले. "माझ्या खांबाची. आणि बघ काय लिहिलंय: 'अकराशे एकाहत्तर हर्ट्झचा स्थिर स्वर.' या गल्लीत असं कोण लिहील गं?"

"कुणीही लिहील," मी म्हणाले. "हल्ली लोक फार वाचतात."

"पोस्टमन असेल?"

"शक्यता नाकारता येत नाही."

"हं," मर्व्ह म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "बरं वाटलं तुझ्याशी बोलून."

अख्खी दुपार त्यांनी खांब उतरवण्यात घालवली. सगळे भाग पोत्यावर ओळीने मांडले, घासले, वरचा झिजलेला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी, काढून नवा बसवला आणि त्यात जहाजांना लावतात तसलं ग्रीस भरलं. फिटरचा अपमान झाला की तो बोलत नाही, दुरुस्ती करतो. सहा वाजता त्यांनी खांबाला एक बोट लावलं. खांब बराच वेळ फिरत राहिला. अजिबात आवाज न करता. चंद्र फिरावा तसा.

दुसऱ्या दिवशी वाद्यवृंदातून निवृत्त झालेल्या एक चेलोवादक बाई शेडमध्ये आल्या. सत्याऐंशी ट्रे पाहून त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि माझी धून अशी वाजवली की माझं मलाच खरं वाटेना. एक्केचाळीस सेकंद, पार्श्वभूमीला पूर्ण शांतता. मी ते फिन्टनला पाठवून दिलं आणि स्वतःला एक मोठा केक आणला.

बुधवारी सकाळी फोन आला.

"टॅम्सिन, चेलो सुरेख आहे. पण दिवा कुठे गेला?"

"कुठला दिवा?"

"अगं, दिवा! दीपस्तंभाचं भिंग फिरताना करतं तो आवाज. तू घातला होतास ना? कुईंऽऽ असा. त्यातच तर सगळा जीव आहे! मी पहिल्यांदा ऐकलं आणि लगेच संकलकाला बोलावून ऐकवलं. म्हटलं, या पोरीला दीपस्तंभ कळलाय."

मी खुर्चीवर बसले. ती मिटली. मी जमिनीवरूनच बोलणं चालू ठेवलं.

"तो आवाज फक्त... एक सुचवणं होतं, फिन्टन."

"सुचवणं काय! प्रकाशाचा प्रत्येक झोत मी त्या आवाजावर जोडलाय. सातही. आता नुसता चेलो लावला की चित्रं मुकी वाटतात. तो परत घाल. सोमवारपर्यंत. आणि ते नाकातलं गुणगुणणं नको, हं. त्याने माझ्या संकलकाला सर्दी झाल्यासारखं वाटतं."

सत्य सांगण्याची ही योग्य वेळ होती. मी म्हणाले, "बघते."

कच्च्या नमुन्यातून कुया वेगळ्या काढायचा प्रयत्न केला. पण गुणगुणणं आणि कुया एकमेकांत अशा मिसळल्या होत्या की गुणगुणणं पुसलं की कुई बुडणाऱ्या बदकासारखी ऐकू येई. त्या वेळी एक गोष्ट मात्र लक्षात आली. कुई होती ११७१ हर्ट्झ. माझ्या धुनेचा षड्ज चार सप्तकं वर नेला तर येतो ११७५. जेमतेम चार हर्ट्झचा फरक. खांब महिनाभर माझ्याच सुरात वाजत होता आणि मी तक्रार लिहीत होते.

मग मी मिसेस व्रेटोस यांना, फक्त त्यांनाच, विचारलं की कुणाकडे काही वाजणारं आहे का. तासाभरात शेडबाहेर रांग लागली. कुणी बागेचं फाटक बिजागरीसकट उचलून आणलं, कुणी तान्ह्या बाळाची गाडी आणली (बाळासकट), मिसेस व्रेटोस यांनी बाजारातली चाकांची पिशवी आणली. मी सगळं मोजलं आणि फिन्टनला एकेक ऐकवलं.

"हे फाटक आहे," तो लगेच म्हणाला.

"हे?"

"ही बाबागाडी आहे. आत बाळ आहे."

"आणि हे?"

"म्हाताऱ्या बाईची बाजाराची पिशवी. टॅम्सिन, तू माझी परीक्षा घेतेयस का?"

माणसाला एकदा तात्पुरत्याचं प्रेम जडलं की त्याचा कान कुत्र्यासारखा तीक्ष्ण होतो, हे त्या तीन लेखांत नव्हतं.

राहिलं कौन्सिल. माझं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होतं. मी नेरिडांना भेटायला गेले.

"अरे वा, तुम्हीच त्या!" त्या उठून उभ्या राहिल्या. "चड्ड्यांचा रकाना! बसा, बसा."

मी रेकॉर्डिंग परत मागितलं. त्यासाठी माहितीचा अर्ज होता, वीस कामकाजाचे दिवस लागत, आणि ज्याचा आवाज त्यात आहे त्याची, म्हणजे मर्व्ह यांची, सही लागत होती. मी म्हणाले, मग तक्रारच मागे घेते. तक्रार मागे घ्यायला फेरविचार समिती होती. ती महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बसे.

नेरिडांनी फाइल चाळली आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, तुमची शेड आमच्याकडे 'बागेच्या अवजारांची कोठी' म्हणून लागली आहे. कोठीत माणूस राहतच नाही, मग त्याला त्रास कसा होणार? म्हणजे तुमची तक्रार मुळात ग्राह्यच नव्हती."

"मग नोटीस रद्द?"

"नाही, नोटीस ग्राह्य आहे. ती तुमच्या तक्रारीवर असली तरी ती दिली आम्ही आहे."

"मला आवाज हवाय, नेरिडा. आवाज मागायचा एखादा फॉर्म?"

त्यांनी दोन कपाटं पाहिली. "आवाज थांबवायचे अकरा फॉर्म आहेत. मागायचा एकही नाही." मग त्यांचे डोळे चमकले. "पण एक दिवसाचा सार्वजनिक कार्यक्रम करता येईल! परवाना मी देते. लगतच्या पाच घरांच्या सह्या, माझी हजेरी, पाचच्या आत समाप्ती. आणि खांबाच्या मालकाची संमती."

रस्ते दोन होते आणि दोन्ही मर्व्ह यांच्या दाराशी येत होते. शुक्रवारी सकाळी मी उरलेला केक घेऊन कुंपणाला वळसा घातला. साडेनऊ मीटरचं अंतर. मला अकरा मिनिटं लागली.

मर्व्ह त्यांच्या कामाच्या खोलीत होते. फळीखाली जॅमच्या बाटल्यांची झाकणं स्क्रूने ठोकलेली आणि त्यांना बाटल्या उलट्या लटकलेल्या. आत नट, बोल्ट, वायसर.

"मर्व्ह, ती तक्रार..."

"केक कसला आहे?"

"नारळाचा. ती तक्रार मी केली होती."

मर्व्ह यांनी केकचा तुकडा मोडला. "प्रोफेसर, या गल्लीत बावीस घरं आहेत. हर्ट्झ हा शब्द न चुकता लिहिणारं त्यात एकच माणूस आहे."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू कुठे बोललीस?"

 मी सगळं सांगितलं: दीपस्तंभ, सात कुया, सोमवार, क्लोरीन. मर्व्ह केक खात ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या टीव्हीवाल्याला माझी बिघडलेली वस्तू हवी आहे, दुरुस्त केलेली नको."

"हो."

"अडतीस वर्षांत असं गिऱ्हाईक नाही पाहिलं." त्यांनी वर हात करून एक बाटली फिरवून काढली. आत जुना बुश होता. बाटलीवर चिठ्ठी: 'खांब, वरचा, २३ फेब्रुवारी, उगाच काढला.' "एका अटीवर. ती नोंदवही मला दाखवायची. सगळी."

नोंदवहीतले आकडे माझ्या वहीत होतेच. ते मर्व्ह यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतले, आणि नेमक्या मिसेस व्रेटोस ट्रे घेऊन दारात आल्या आणि तिथेच बसल्या.

"'निळ्या चड्ड्या तीन,'" मर्व्ह यांनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "चड्ड्या मोजल्यास?"

"भार म्हणून."

"निळ्या आहेत का?" मिसेस व्रेटोस म्हणाल्या. "मला समोरून राखाडी दिसतात."

"तीन चूक आहे," मर्व्ह म्हणाले. "चार होत्या. एक डगल्यामागे होती."

मी नोंद दुरुस्त केली आणि शेजारी सही-तारीख घातली. मग तिघांनी मिळून ती वही वेगळ्याच नजरेने वाचली. कोणत्या दिवशी कुई सगळ्यात गोल, सगळ्यात लांब होती? आठ तारीख. त्या दिवशी काय होतं? ओला डगला पूर्वेच्या हातावर, त्यामुळे भार एका बाजूला कललेला, म्हणून बुशवर तिरका दाब. ज्या वहीने खांबाला दोषी ठरवलं होतं, तीच आता स्वरलिपी झाली होती.

सह्या गोळा करायला दुपार लागली. चार घरांनी लगेच दिल्या. पाचव्या घरातल्या गृहस्थांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं.

"कुईला माझी हरकत नाही. पण ते नाकातून जे चालतं, ते कोण करतं?"

"ते... तात्पुरतं होतं."

"मी पण एक नोंदवही सुरू केली होती," ते म्हणाले आणि मला दाखवली. सहा दिवस भरलेले होते. 'आवाजाचा प्रकार' या रकान्यात 'गाय (आजारी)' असं लिहिलं होतं. पुन्हा गुणगुणणार नाही असं लेखी दिल्यावर त्यांनी सही केली.

शनिवारी दुपारी दोनला मर्व्ह यांच्या अंगणात चौदा माणसं, एक बाळ आणि तीव्रता मोजायचं यंत्र घेऊन नेरिडा हजर होत्या. जुना बुश बसवला. टॉवेल चार, पलंगपोस दोन, डगला एक, चड्ड्या चार, सगळं ओलं, वहीबरहुकूम. मिसेस व्रेटोस यांनी चिमटे लावले. मी मायक्रोफोन धरून उभी राहिले. दोन वाजून दहा मिनिटांनी समुद्रावरून वारा येतो. महिनाभर रोज आला होता.

आला नाही. अडीच झाले, पावणेतीन झाले. पान हलेना.

"मंत्र बिंत्र म्हणायचा का?" मिसेस व्रेटोस म्हणाल्या.

"झाडू द्या," मर्व्ह म्हणाले.

चित्रपटसंगीत वाजवणाऱ्यांच्या कानात टिकटिक घालतात, म्हणजे स्वर चित्राच्या बरोबर क्षणी पडतो. मी मर्व्ह यांच्या डोक्यावर हेडफोन चढवले. दर सहा सेकंदांना, जरा कमीच, एक ढकल. सात वेळा. झाडूच्या दांड्याने.

"जमेल?"

"अडतीस वर्षं भोंग्यावर कामाला गेलोय, पोरी. एकदाही उशीर नाही."

पहिल्या वेळी बाळ रडलं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या कुईला मिसेस व्रेटोस "वाहवा!" म्हणाल्या. तिसऱ्या वेळी पलंगपोसाने मर्व्ह यांना गुंडाळलं आणि आतून त्यांनी काही शब्द वापरले, जे नेरिडांनी कर्तव्य म्हणून मोजले: एकाहत्तर डेसिबल. चौथ्या वेळी मर्व्ह यांनी डोळे मिटले.  ढकल, कुईंऽऽ. ढकल, कुईंऽऽ. सातव्या कुईनंतर ते झाडू टेकवून उभे राहिले, वाद्यवृंदातली मंडळी राहतात तसे.

"परवान्यात पंचावन्न डेसिबलची मुभा होती," नेरिडा हळहळल्या. "तुम्ही त्रेचाळीसच केलेत."

सोमवारी साडेअकराला फोन वाजला तेव्हा मी कुंपणाशी उभी होते. कुंपणापलीकडे मर्व्ह काहीच करत नसल्यासारखे उभे होते.

"सहाही भाग तुझे!" फिन्टन ओरडला. "चॅनलवाल्या बाई म्हणाल्या, हा दिवा थेट काळजात फिरतो. फक्त एक सूचना आली. चेलो जरा मागे घेता येईल का? दिव्याच्या आड येतो."

माझ्या धुनेबद्दल आलेली ही पहिली जाहीर प्रतिक्रिया.

"घेते," मी म्हणाले. "श्रेयनामावलीत एक ओळ वाढवायची आहे. 'दिव्याचं यंत्र: एम. पॅस्को.'"

"पॅस्को म्हणजे दीपस्तंभाचे रखवालदार का?"

"फिटर," मी म्हणाले. मर्व्ह यांनी नाक शिंकरलं आणि आत गेले.

दुपारी मी प्रयोगशाळेच्या साहेबांना 'नाही' असं कळवलं. ते म्हणाले, क्लोरीनला तुझी आठवण येईल.

परवान्याच्या अटीनुसार नवा, मुका बुश शनिवारी पाचच्या आत परत बसवायचा होता. मंगळवारी मी वहीचं कोरं पान काढलं.

३ मार्च, दुपारी २.१०. कुया नऊ. वारंवारता ११७१ हर्ट्झ. तीव्रता ४३ डेसिबल. वारा आग्नेय, ताशी १९ किलोमीटर. भार: टॉवेल दोन, पलंगपोस एक, कामाचा डगला एक (पूर्वेच्या हातावर), निळ्या चड्ड्या चार. खिडकी: उघडी.